नऊशे एक रुपयांचं पाकीट: बीटी कपाशीच्या बियाण्याचं परीक्षण

बीजी-२ कपाशीचं, म्हणजे बोंडअळीला मारणारे दोन जनुक घातलेल्या बीटी कपाशीचं, पाकीट ४७५ ग्रॅमचं. २०२५च्या खरिपात त्याची जास्तीत जास्त किंमत ९०१ रुपये होती. कंपनी कुठलीही असो, वाण गेल्या वर्षी गाजलेला असो की पडलेला, आकडा तोच. कृषी केंद्रातल्या बाजूच्याच फळीवर तणनाशकाच्या बाटलीचा, झिंकच्या डब्याचा, टॉनिकचा भाव ज्याचा त्यानं ठरवलेला असतो. या एका पाकिटाचा भाव मात्र केंद्र सरकार दरवर्षी राजपत्रात छापतं. म्हणून आधी किमतीबद्दल, मग दाण्याबद्दल.

हा भाव कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. २००६च्या आधी बीटीचं ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या वर जात होतं. आंध्र प्रदेश सरकार त्याविरुद्ध मक्तेदारी आयोगात गेलं आणि भाव साडेसातशेवर आला. मग बाकीची राज्यं जागी झाली. महाराष्ट्रानं २००९ मध्ये कापूस बियाण्याचा स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राचा किंमत नियंत्रण आदेश आला आणि २०१६च्या हंगामापासून देशभर एकच भाव लागू झाला: बीजी-२ ला ८०० रुपये, एकच जनुक असलेल्या बीजी-१ ला ६३५.

आपल्याकडे सगळे समजतात की ही लढाई शेतकरी विरुद्ध कंपनी अशी होती. ती कंपनी विरुद्ध कंपनी होती. एका बाजूला अळीला मारणारा जनुक ज्यांच्या मालकीचा ते, म्हणजे मोन्सँटो आणि महिको यांची भागीदारी. दुसऱ्या बाजूला तो जनुक आपल्या वाणात घालून विकणाऱ्या देशी बियाणे कंपन्या. प्रत्येक पाकिटामागे सुमारे १६३ रुपये जनुकाचं शुल्क मालकाला जायचं, आणि देशी कंपन्यांना ते खुपत होतं. दिल्लीत दोन्ही बाजू शेतकऱ्याचं नाव घेऊन निवेदनं देत होत्या. एक म्हणे शुल्क कमी करा, शेतकऱ्याला बियाणं स्वस्त मिळेल. दुसरी म्हणे शुल्क कापलं तर नवं तंत्रज्ञान येणार नाही, शेतकरी मागे पडेल.

पुढे काय झालं ते पाकिटाच्या भावातच वाचता येतं. २०१६ मध्ये शुल्क १६३ वरून ४९ वर आलं. २०१८ मध्ये ते ३९ झालं आणि पाकीट ७४० ला. २०१९ मध्ये शुल्क २०, पाकीट ७३०. २०२० मध्ये शुल्क शून्य, आणि पाकीट? ७३० च. जनुकाच्या मालकाचे वीस रुपये गेले, पण ते शेतकऱ्याच्या खिशात आले नाहीत, बियाणे कंपनीच्या हिश्शात मिळाले. त्यानंतर ७६७, ८१०, ८५३, ८६४ आणि ९०१. धोरणावर कोणाची पकड आहे हे शोधायचं तर भाषणं ऐकत बसू नका. शुल्क उतरल्यावर छापील किंमत किती उतरली, ही एक वजाबाकी करा.

तरीही किंमत हा या पाकिटाचा सगळ्यात चांगला भाग आहे, पाचपैकी चार. एक गुण कापला तो लिंकिंगसाठी. भाव बांधला की मागणीचा वाण महाग विकता येत नाही, मग तो दुसऱ्या मालासोबत विकला जातो. वितरक दुकानदाराला म्हणतो, या वाणाच्या शंभर थैल्या पाहिजेत तर त्या न चालणाऱ्या वाणाच्या पन्नास उचल. दुकानदार तेच ओझं पुढे ढकलतो: चार पाकिटं पाहिजे तर हे सूक्ष्म अन्नद्रव्याचं डबडं घेऊन जा. कागदावर भाव बांधलेलाच राहतो. यावर उपाय एकच, पक्कं बिल. त्यावर वाणाचं नाव, लॉट नंबर, पाकिटांची संख्या आणि दुकानदाराची सही पाहिजे. जबरीनं दिलेली वस्तूही त्याच बिलावर चढवायला लावा. ती बिलावर यायला लागली की दुकानदाराचा आग्रह बराच ढिला पडतो. कच्च्या चिठ्ठीवर बियाणं घेतलं तर पुढचं काहीच करता येत नाही, तक्रारही नाही आणि भरपाईही नाही.

आता आतला माल. सरकीच्या शंभर दाण्यांचं वजन ८ ते ९ ग्रॅम धरलं तर पाकिटात ५,३०० ते ५,९०० दाणे येतात. चार बाय दोन फुटांच्या चौफुलीत एकरी ५,४४५ फुल्या, म्हणजे दाणा टाकायच्या जागा, पडतात. म्हणजे एकरी एक पाकीट हे गणित फुलीवर एकच दाणा टाकला तर, आणि सगळे उगवले तर. लेबलवर उगवण किमान ७५ टक्के लिहिलेली असते. नियमाप्रमाणे चारात एक दाणा उगवला नाही तरी बियाणं चांगलंच. तेव्हा फुलीवर दोन दाणे डोबायचे तर एकराला दोन पाकिटं लागतात, आणि एकच डोबायचा तर नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वेगळी रोपं ठेवावी लागतात. प्लास्टिकच्या पिशव्यांत किंवा कोपऱ्यात एका वाफ्यात शे-दीडशे दाणे त्याच दिवशी लावले की दहा-बारा दिवसांनी तुटीच्या जागी लावता येतात. नंतर लावलेली सरकी दाट पऱ्हाटीच्या सावलीत दबून जाते, ती लावूच नका.

उगवण घरी तपासायला हाताचं काम अर्ध्या तासाचंच असतं. पाकीट ज्या बाजूला लॉट नंबर छापलेला नाही त्या बाजूनं कापा. शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठ ते दहा दिवसांनी सरळ, निरोगी मोड मोजा. वाकडे, कुजके, नुसतं टरफल फुटलेले धरू नका. दाण्यांवर कीटकनाशकाचा रंगीत लेप असतो, म्हणून हात धुवा आणि उरलेली सरकी ढोरांपासून लांब ठेवा. पंच्याहत्तरच्या खाली आले तर पेरणीआधीच दुकानात जा. पेरल्यावर गेलात तर पहिला प्रश्न येतो तो पावसाचा: किती मिलिमीटर पडल्यावर पेरलं, किती खोल टाकलं, पपडी धरली होती का. हे प्रश्न खोटे नसतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी धूळपेर केली असेल तर दोष बियाण्याचा हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं.

पाकिटाच्या पाठीवर एक ओळ बारीक अक्षरात असते: यात ५ ते १० टक्के बिगर-बीटी दाणे मिसळलेले आहेत. पूर्वी ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची वेगळी पुडी यायची. ती वावराच्या कडेनं लावायची, म्हणजे तिथल्या अळ्या जनुकाला न भिडता वाढतील, बीटीत वाचलेल्या अळ्यांच्या पतंगांशी त्यांचे पतंग जुळतील आणि प्रतिकारशक्ती उशिरा येईल, असा विचार. शास्त्र बरोबर होतं. पण कडेच्या पाच ओळींत पीक मुद्दाम अळीला खाऊ द्यायचं, हे पाच एकरवाल्याला कोण सांगणार? पुड्या धुऱ्यावर फेकल्या गेल्या, काही ढोरांनी खाल्ल्या. कंपन्यांनाही ती पुडी नकोशीच होती, वेगळं बियाणं तयार करा, वेगळं भरा, आणि त्याचा दाम नाही. शेवटी मिसळून देण्याचा नियम झाला. यात सगळ्यांची सोय झाली. अळीचीही झाली असावी, कारण मिसळलेल्या पेऱ्यात ती बिगर-बीटी झाडावर मोठी होऊन शेजारच्या बीटी झाडावर चढू शकते, आणि मोठी अळी थोड्या विषानं मरत नाही. शिवाय बिगर-बीटी झाड डोळ्यांनी ओळखता येत नाही. या भागाला पाचपैकी दोन.

आणखी एक गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते. आपल्याकडचं बियाणं संकरित असतं. त्यात बीटीचे जनुक मायबापांपैकी एकाकडूनच आलेले असतात, त्यामुळे झाडाच्या पानात विष असलं तरी बोंडातल्या सरकीत जनुकांची फाटाफूट होते. दोन्ही जनुक नसलेली सरकी साधारण सोळात एक निघते. बोंडात पंचवीस-तीस सरक्या, म्हणजे प्रत्येक बोंडात एक-दोन बिनविषाच्या. आणि गुलाबी बोंडअळी बरोबर सरकीच खाते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझीलमध्ये सरळ वाण लावतात, तिथे ही भानगड नाही. आपल्याकडे संकरितच का? कारण संकरित बियाणं घरचं ठेवता येत नाही, दरवर्षी दुकानात जावंच लागतं. पेटंटच्या कायद्यापेक्षा हे कुलूप पक्कं आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं बीजी-१ जनुकाचे सरळ वाण काढले आहेत. त्यांचं बियाणं पुढच्या वर्षी वापरता येतं, पण गावच्या कृषी केंद्रात ते विचारा आणि दुकानदाराचा चेहरा पाहा. विकणाऱ्याला त्यात काही सुटत नाही, मग त्याची जाहिरात कोण करणार? सघन लागवडीची शिफारस करतानाही हाच पेच येतो. ९० बाय १५ सेंटीमीटरवर एकरी सुमारे ३०,००० झाडं लागतात. संकरित पाकिटातून ती लावायची तर पाच-सहा पाकिटं, म्हणजे २०२५च्या भावानं साडेचार ते साडेपाच हजारांचं बियाणं.

पाकिटाचं खरं काम, बोंडअळी. हिरव्या आणि ठिपक्याच्या अळीवर बीजी-२ अजून चालतं, हे कबूल केलं पाहिजे. बीटीच्या आधी हिरव्या अळीसाठी किती फवारे मारावे लागत ते जुन्या लोकांना विचारा. तुडतुडे, मावा, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर ते आधीपासूनच चालत नव्हतं, तसा दावाही नव्हता. गुलाबी अळीवर ते निकामी झालं आहे. म्हणून पाकीट घेतानाच एकरी दोन कामगंध सापळ्यांचा (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) खर्च धरा. लागवडीनंतर पंचेचाळीस दिवसांनी सापळे लावा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा वीस हिरव्या बोंडांत दोन किडकी निघाली की फवारणीची वेळ झाली. बोंड बाहेरून सहसा किडकं दिसत नाही, फोडूनच पाहा. डोमकळ्या, म्हणजे अळीनं पाकळ्या गुंफून बंद केलेली फुलं, दिसल्या तर तोडून जाळा, नुसत्या फेकू नका. १ जूनच्या आधी पेरा करू नका, आणि डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचून झालेलं पीक पुन्हा बोंडं घ्यायला, ठेवू नका.

२०१७ मध्ये हे सगळं एकदम अंगावर आलं. गुलाबी अळीनं बोंडं गेली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात मदत जाहीर झाली: जिरायतीला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. आकडा मोठा वाटला, पण त्याची फोड बघा. दोन्हींत ८,००० पीक विम्याचे आणि १६,००० बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. सरकारनं स्वतःचे म्हणून धरले ते आपत्ती निधीतले ६,८०० आणि १३,५००. कंपन्यांचं म्हणणं असं की अळीनं प्रतिकारशक्ती कमावली तर तो बियाण्यातला दोष नाही, आणि कायद्याच्या भाषेत त्याला वजन आहे. २००९च्या कायद्याखाली भरपाई मागायची तर जी फॉर्म भरावा लागतो. त्याला बिल, पाकीट, टॅग आणि सातबारा जोडायचा, मग पंचनामा. त्या हंगामात अनेकांकडे पाकीटच उरलं नव्हतं. दुसऱ्याच्या खिशातून जाहीर केलेले पैसे मिळवायचे तर कागद आपल्याच खिशात पाहिजेत. रिकामं पाकीट, टॅग आणि मूठभर सरकी हंगाम संपेपर्यंत कोरड्या डब्यात ठेवणं हे म्हणूनच या मालाच्या वापराचं पहिलं कलम आहे.

लेबल नसलेल्या पाकिटाबद्दलही बोललं पाहिजे, कारण ते प्रत्येक तालुक्यात विकलं जातं. तणनाशक सहन करणारी एचटीबीटी, लोकांच्या भाषेत चोर बीटी. निंदणाला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून तिची मागणी खरी आहे. ती अधिकृतपणे का नाही, याचं उत्तर परत त्या शुल्काच्या भांडणात आहे. १८ मे २०१६ रोजी केंद्रानं जनुक-परवान्याचे नियम काढले: मालकानं मागेल त्या कंपनीला परवाना द्यायचा, आणि पहिली पाच वर्षं शुल्क बियाण्याच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या वर न्यायचं नाही. सहा दिवसांत, २४ मेला, ते नियम मागे घेऊन नव्वद दिवसांच्या हरकतींसाठी मसुदा म्हणून ठेवले गेले. सहा दिवसांत राजपत्र फिरवण्याची ताकद कोणत्या दबावगटात असते, ते यावरून कळावं. त्याच वर्षी महिकोनं नव्या तणनाशक-सहनशील कपाशीचा अर्ज परत घेतला. कायदेशीर दरवाजा बंद झाला आणि माल मागच्या दारानं आला. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीरमध्ये शेतकरी संघटनेनं उघडपणे एचटीबीटी पेरून कायदा मोडला. तोही दबावगटच, फक्त त्याच्याकडे दिल्लीतलं कार्यालय नाही, वावर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये या कपाशीवर मारायच्या ग्लायफोसेट तणनाशकाची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांकडून करायचा आदेश निघाला. असा परवानाधारक तुमच्या गावात आहे का, हे विचारायचीही गरज नाही. चोर बीटी घ्यावी की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. पण बिल नाही, लॉट नाही, उगवणीची हमी नाही, आत खरंच तो जनुक आहे याचीही हमी नाही. उगवली नाही तर तक्रार करणारा स्वतःच आरोपी.

मग या सगळ्यात शेतकऱ्याची हरकत जाते कुठे? बहुतेक वेळा चुकीच्या टेबलावर, चुकीच्या दिवशी. फवारणीच्या औषधांचं उदाहरण घ्या. मे २०२० मध्ये केंद्रानं २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. हरकतींना ४५ दिवस होते, ते ९० झाले. औषध कंपन्यांच्या संघटनांनी प्रत्येक रसायनाची वेगळी फाइल, पर्यायी औषधाचा खर्च आणि निर्यातीचा आकडा मांडला. २०२३च्या आदेशात पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर, आणि मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण थांबवलं. सत्तावीसचे चार व्हायला तीन वर्षं आणि भरपूर कागद लागले. विदर्भातून तेव्हा जे गेलं ते बरंचसं तहसीलदारांना दिलेलं निवेदन. तहसीलदाराचा त्या मसुद्याशी काहीएक संबंध नसतो.

दुकानदारांनी ते बरोबर केलं. २०२३च्या पावसाळी अधिवेशनात राज्यानं बोगस निविष्ठांवर, म्हणजे बियाणं, खतं, औषधांवर, ४० ते ४४ क्रमांकाची पाच विधेयकं आणली. त्यातल्या एकात बियाण्यातल्या गुन्हेगाराला झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्याच्या रांगेत बसवलं होतं. २ ते ४ नोव्हेंबरला, ऐन रब्बीच्या तोंडावर, राज्यभरची कृषी केंद्रं बंद राहिली. मागणी एक, तारीख एक, आणि विधेयकांचे क्रमांक पाठ. विधेयकं संयुक्त समितीसमोर होती, आणि दुकानदारांचं म्हणणं कुठे पोचवायचं हे त्यांना माहीत होतं.

पुढचा मसुदा येईल तेव्हा, मग तो बियाणे कायद्याचा असो की किमतीचा, कागद असा करा. राजपत्रात किंवा खात्याच्या संकेतस्थळावर शेवटची तारीख आणि ज्याच्या नावे हरकत द्यायची त्या अधिकाऱ्याचं पद पाहा. केंद्राच्या कायद्याला साधारण तीस दिवस मिळतात, आणि त्यातले वीस बातमी गावात पोचेपर्यंत जातात. वर कलमाचा क्रमांक लिहा. खाली ते कलम वावरात कसं लागू पडेल ते दोन ओळींत, आणि त्या जागी कोणते शब्द पाहिजेत ते. “शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे” हे वाक्य कोणत्याही कलमाला चिकटत नाही, म्हणून ते कोणत्याही रकान्यात मोजलं जात नाही. एकाच मजकुराच्या तीनशे झेरॉक्स एक हरकत म्हणून धरल्या जातात. त्यापेक्षा वीस गावांचे वीस वेगळे ग्रामसभा ठराव भारी पडतात, प्रत्येकात आपल्या गावचा पेरा, तक्रारी आणि पंचनाम्यांचा आकडा. ईमेल करा आणि तोच कागद रजिस्टर पोस्टानंही पाठवा, पोचपावती जपा. आमदार-खासदारांना प्रत द्या, पण मूळ प्रत त्यांच्याकडे देऊन घरी येऊ नका.

भाव ठरवण्याच्या बाबतीत तर हे आणखी लवकर करावं लागतं. पाकिटाची किंमत ३१ मार्चच्या आत जाहीर होते, म्हणजे कंपन्यांचा उत्पादन खर्च समितीपुढे हिवाळ्यातच गेलेला असतो. तेव्हा आपण कापूस वेचत असतो, आणि बियाण्याच्या भावाची आठवण येते ती मे महिन्यात, कृषी केंद्राच्या रांगेत.